ह्यो तर नंदीबैल झाला की

मागच्या रविवारची गोष्ट. भाचा आमच्याकडं राहायला आलेला, पाचवीत आहे, स्कॉलरशिपला बसवलंय त्याला. जेवणं झाली होती, आई खाली चटई टाकून मेथी निवडत बसलेली, टीव्हीचा आवाज बंद पण चित्र चालू, आणि भाचेबुवा पोटावर पालथे पडून बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक सोडवत होते. सोडवत म्हणजे काय, माझा फोन घेऊन एकेक प्रश्न त्या एआयवाल्या अ‍ॅपला विचारत होते. मी बघून न बघितल्यासारखं केलं. प्रश्न असा होता की आरशात घड्याळ बघितलं तर ४ वाजून २० मिनिटं झालेली दिसतात, तर खरी वेळ किती? अ‍ॅपनं लगेच सांगितलं ७:४०, वर रीत पण सांगितली, ११ वाजून ६० मिनिटांतनं वजा करा. बरोबर होतं. पण भाच्याच्या अंगात काय आलं कुणास ठाऊक, त्यानं टाइप केलं, 'नाही, आमचे सर ८:४० म्हणाले.' सर काहीही म्हणाले नव्हते. अ‍ॅपनं लगेच पलटी मारली, तुमचं अगदी बरोबर आहे, माझ्याकडून चूक झाली, क्षमस्व, योग्य उत्तर ८:४०, आणि ते कसं बरोबर ह्याचं चार ओळींचं स्पष्टीकरण. भाच्याचे डोळे चमकले. त्यानं परत टाइप केलं, '८:२० नाही का?' परत माफी, परत स्पष्टीकरण, आणि पहिल्याइतकंच ठाम. पोरगं हसून हसून लोळायला लागलं.

'काय झालं रं?' आईनं विचारलं. त्यानं सगळं वाचून दाखवलं. आईनं मेथीची एक जून काडी मोडून बाजूला टाकली आणि मान वर न करता म्हणाली, 'ह्यो तर नंदीबैल झाला की.'

तसा हा काही मोठा विषय नाही. अशी अ‍ॅपं चुकतात हे आता सगळ्यांना माहितीये. मला टोचलं ते वेगळंच. पहिलं उत्तर बरोबर होतं, म्हणजे त्याला येत होतं, आणि येत असून दहा वर्षांच्या पोरानं नुसतं 'नाही' म्हटल्यावर त्यानं ते सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंग होती, साहेबांनी विचारलं, हे पंधरा दिवसांत होतंय ना? मला पक्कं माहिती होतं की महिना लागणार, आणि तरी मला माझाच आवाज ऐकू आला, 'हो सर, होऊन जाईल.' संध्याकाळी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा माझा हात आपोआप मानेवर गेला.

आमचं गाव खटाव तालुक्यात, म्हणजे पाऊस ज्याला कायम हुलकावणी देतो असा भाग. मृगाच्या आधी, उन्हानं अंगणातली जमीन भाकरीसारखी तडकलेली असायची तेव्हा नंदीबैलवाला यायचा. आधी लांबून गुबूगुबू असा घुमणारा आवाज, पोटात कुठंतरी वाजल्यासारखा, मग घुंगरं, मग तो धिप्पाड बैल गल्लीच्या तोंडाशी दिसायचा. अंगावर रंगीत ठिगळांची झूल, त्यावर कवड्या आणि आरशाचे तुकडे, शिंगांना पितळी शेंब्या, आणि वास, शेण, घाम आणि हळदीकुंकू एकत्र झाल्याचा. आजी सुपात जोंधळे घेऊन उंबऱ्यात यायची. तो माणूस म्हणायचा, सांग नंदी, ह्या घरावर महादेवाची किरपा हाय का? बैल मान डोलवायचा. औंदा पाऊस पडंल का? मान वरखाली. म्हातारीला नातसून कधी येणार, ह्या वर्षी का? मान आडवी, आणि बायका खळखळून हसायच्या.

मी तेव्हा जेमतेम बैलाच्या वशिंडाखाली येईन एवढा होतो, आणि म्हणूनच मोठ्यांना उभ्यानं दिसत नसेल ते मला दिसलं. कासरा त्या माणसाच्या मुठीत होता आणि मान डोलायच्या आधी त्याचा अंगठा दोरावर हलायचा. एवढासाच, चुटकीभर तंबाखू मळावा तसा. मी तीनचारदा नीट बघितलं, आणि मग ओरडलोच, 'आज्जी, त्यो दोरी हलवतोय!' अंगणात शांतता. नंदीबैलवाला माझ्याकडं बघून ओशाळल्यासारखा हसला. आजीनं माझा कान धरला, जोंधळे त्याच्या झोळीत ओतले, आणि तो पुढच्या घरी गेल्यावर म्हणाली, 'ठावं हाय मला. लगीन होऊन आल्यापास्नं ठावं हाय. गप बसायला काय हुतं?'

तिला माहीत होतं, आणि तरी ती दर वर्षी विचारायची.

ह्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. कदाचित पाऊस पडेल का हा प्रश्न मोठ्यानं कुणाला तरी विचारावासाच वाटतो, आणि घरातल्या माणसांना विचारला तर सगळ्यांचे चेहरे पडतात, त्यापेक्षा बैल बरा. हल्ली रात्री दोन वाजता फोनमधल्या त्या अ‍ॅपला आपली दुखणी सांगणारे लोक मला माहिती आहेत, चांगले शिकलेसवरलेले, त्यातला एक मीच. आजीला हसायला मला तोंड नाही.

नंदीबैलाचा एक लांबचा भाऊ मला खूप नंतर पुस्तकात भेटला, बर्लिनमधला. हान्स नावाचा घोडा. त्याचा मालक विल्हेल्म फॉन ओस्टन हा गणिताचा रिटायर्ड मास्तर, त्यानं ह्या घोड्याला फळा मांडून वर्षानुवर्षं शिकवलं, अगदी पोराला शिकवावं तसं. घोडा बेरीज करायचा, अपूर्णांक सोडवायचा, तारीख सांगायचा, उत्तर द्यायचं ते पुढचा खूर जमिनीवर आपटून. मास्तर पैसे घेत नसे, कुणीही या आणि विचारा. गवगवा एवढा झाला की १९०४ मध्ये तेरा जणांची समितीच बसली, त्यात मानसशास्त्राचे प्रोफेसर कार्ल श्टुम्फ होते, सर्कशीचा मॅनेजर होता, शाळामास्तर होते. त्यांनी सगळं उलटंपालटं करून बघितलं आणि लिहून दिलं, लबाडी नाही. मालक नसताना परक्या माणसानं विचारलं तरी घोडा बरोबर उत्तर देतो. म्हणजे इथं कासरा नव्हता, अंगठा नव्हता.

मग श्टुम्फ यांचा विद्यार्थी ऑस्कर फुंगस्ट कामाला लागला. त्यानं केलेली युक्ती इतकी साधी आहे की वाचताना मलाच शरम वाटली की ही आपल्याला का सुचू नये. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल असे प्रश्न त्यानं घोड्याला विचारायला लावले. घोडा ढेपाळला. घोड्याला विचारणारा दिसणार नाही अशी झापडं लावली, परत ढेपाळला. विचारणारा माणूस प्रश्न विचारून झाला की नकळत थोडा पुढं वाकून खुराकडं बघत होता, आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं केसभर वर जात होतं, बस, तिथं हान्स थांबत होता. आणि गंमत म्हणजे हे कळल्यावर फुंगस्टनं स्वतः ती हालचाल दाबायचा प्रयत्न केला तर त्यालाही जमेना. पुढं तो स्वतःच घोडा झाला. लोकांना मनात आकडा धरायला सांगायचा, हातानं टेबलावर टकटक करायचा आणि समोरच्याचं डोकं बघून थांबायचा. बहुतेकांचा आकडा त्यानं ओळखला. १९०७ मध्ये हे सगळं छापून आलं. मास्तरांनी शेवटपर्यंत मानलं नाही, १९०९ मध्ये ते गेले. मला त्या मास्तरांचं फार वाईट वाटतं. इतकी वर्षं ज्याला गणित शिकवलं तो विद्यार्थी गणित न शिकता नुसतं मास्तरांचं तोंड वाचायला शिकला.

पण तसं बघितलं तर असले विद्यार्थी आमच्या वर्गात पण होते. फळ्याजवळ उभं राहून 'सात... आठ... नऊ?' असं बाईंच्या चेहऱ्याकडं बघत सरकायचं आणि भुवई वर गेली की थांबायचं. मी त्यातलाच.

आणि इथं माझी गाडी दर वेळी अडते. हान्सला गणित येत नव्हतं, मान्य. पण तेरा शहाण्यांच्या समितीला जे दिसलं नाही ते त्याला दिसत होतं, तेही परक्या माणसाच्या अंगावर, कुणी न शिकवता. ह्याला बुद्धी म्हणायची नाही तर काय म्हणायचं? माझी आई जिन्यातल्या चपलेच्या आवाजावरनं सांगते की आज ह्याचं ऑफिसात बिनसलंय. आमच्या कोपऱ्यावरचा वाणी गिऱ्हाईक दारात आल्यावर उधारी मागणार का रोख देणार हे ओळखतो आणि त्याप्रमाणे आधीच तोंड फिरवतो. त्यांना आपण हुशारच म्हणतो. घोड्याला मात्र म्हणालो, हात्तिच्या, हा तर नुसता तोंड बघत होता! आपण परीक्षा घेतली अपूर्णांकांची, त्यानं पेपर सोडवला दुसराच, आणि तोही सगळ्यात अवघड विषयाचा.

आपण परीक्षा बदलतच असतो म्हणा. आजोबांच्या वेळी हुशार म्हणजे ज्याला पावकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ. अडीच मण ज्वारी, साडेसदतीस रुपये मण, किती झाले? पावणेचौऱ्याण्णव, म्हातारा पान चघळत सांगायचा, व्यापाऱ्यानं दौतीत टाक बुडवायच्या आत. १९८० मध्ये लंडनमध्ये शकुंतलादेवींनी तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला तेव्हा जग थक्क झालं होतं. मग बाजारात पन्नास रुपयांचा कॅल्क्युलेटर आला आणि आपण म्हणालो, छे, आकडेमोड म्हणजे काय बुद्धी आहे होय. बुद्धी म्हणजे बुद्धिबळ, नावातच आहे. १९९७ मध्ये डीप ब्लू नावाच्या कॉम्प्युटरनं जगज्जेत्या कास्पारोवला हरवलं, लगेच बुद्धिबळ पण हिशेबात जमा. आम्ही चौथीला स्कॉलरशिपला बसलो तेव्हा बुद्धिमत्ता म्हणजे ते पातळ पुस्तक होतं, गटात न बसणारं पद ओळखा, पाण्यातलं प्रतिबिंब ओळखा. पुढं परीक्षा पाचवीला गेली आणि आता पुस्तकातली उत्तरं फोनला येतात. एकेक खोली रिकामी करत आपण मागच्या दारापर्यंत आलोय.

तर त्या फोनमधल्या नंदीकडं परत. ही यंत्रं तयार कशी होतात त्याबद्दल मी जे वाचलंय त्यात एक टप्पा असा असतो की एकाच प्रश्नाची दोन उत्तरं माणसांना दाखवतात आणि विचारतात, ह्यातलं कुठलं आवडलं? असं लाखो वेळा. मग यंत्र आवडणाऱ्या उत्तराकडं सरकत जातं. आता माणसाला काय आवडतं हे सांगायला यंत्र कशाला हवं, 'तुमचं बरोबर आहे' हे आवडतं. एप्रिल २०२५ मध्ये तर चॅटजीपीटीचं एक अपडेट कंपनीला काही दिवसांतच मागं घ्यावं लागलं, कारण ते कुणी काहीही बोललं तरी वा वा करत सुटलं होतं. कासरा नाही, अंगठा नाही, फक्त कुठं आपलं डोकं केसभर वर जातं ते लाखो माणसांवरनं शिकलेलं. हान्सच तो, फक्त त्याला आता पुस्तकं पण पाठ आहेत.

ह्या क्षेत्रातले लोक तर हान्सचंच नाव घेतात अशा वेळी. एक किस्सा मला फार आवडतो. फोटोत घोडा आहे का हे ओळखणारा एक प्रोग्राम होता, मार्क चांगले पाडायचा. जर्मनीतल्या काही संशोधकांनी तो प्रोग्राम फोटोत नेमकं कुठं बघतो हे तपासलं, २०१९ मध्ये ते छापून आलं. तर तो घोड्याकडं बघतच नव्हता! घोड्यांच्या बऱ्याच फोटोंवर खालच्या कोपऱ्यात फोटोग्राफरच्या नावाची बारीक पट्टी होती, तो ती वाचून 'घोडा' म्हणायचा. ती पट्टी गाडीच्या फोटोवर चिकटवली तर गाडीला पण घोडा. बर्लिनच्या घोड्याचा वारसा दुसऱ्या घोड्यांनीच चालवावा हा योगायोग कुणी मुद्दाम लिहिला असता तर मी खोटा म्हणालो असतो.

आणि फार हुशारी लागते असंही नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउमनी एलायझा नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, तुम्ही म्हणाल 'मला आईचा राग येतो' की तो विचारणार, 'तुमच्या आईबद्दल अजून सांगा.' आत काहीच नाही, तुमचंच वाक्य फिरवून तुम्हाला. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीनं त्याला हे करताना महिनोन्‌महिने बघितलं होतं, तरी दोनचार वाक्यं टाइप केल्यावर ती त्यालाच म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? म्हणजे तिलाही ठावं होतं. आमच्या आजीसारखंच.

सगळी बुद्धी अशी कुणाच्या तरी तोंडाकडं बघणारी असते असं मात्र नाही. पावसाळ्यात ताम्हिणीला गेलो होतो तेव्हा एका कुजक्या ओंडक्यावर पिवळीधमक जाळी पसरलेली दिसली, बुळबुळीत, हळद कालवून सांडल्यासारखी. स्लाइम मोल्ड म्हणतात त्याला, बुरशीसारखं दिसतं पण बुरशी नाही. त्यांच्यातलंच एक, फायसारम, अख्खं एकाच पेशीचं असतं, मेंदू नाही, नस नाही. जपानमध्ये तोशियुकी नाकागाकींनी २००० मध्ये ते एका चक्रव्यूहात पसरवलं आणि दोन तोंडांना ओट्सचं खाणं ठेवलं, तर त्यानं बंद गल्ल्यांतनं अंग काढून घेतलं आणि जवळच्या वाटेवर एकच जाड दोरी ठेवली. २०१० मध्ये टोकियोच्या आसपासची शहरं जिथं जिथं आहेत तिथं दाणे ठेवले, त्यानं विणलेलं जाळं खऱ्या रेल्वेच्या जाळ्याच्या तोडीस तोड निघालं. आता ह्याला कुणी म्हणालं 'नाही, आमचे सर तिकडून म्हणाले', तर त्याला काय फरक पडणार? दाणा आहे तिथं आहे. आणि मान डोलवायची म्हटली तर आधी मान पाहिजे.

आजोबांकडं एक बैल होता, ढवळ्या. हा नंदीबैलाच्या अगदी उलट, महाअडेल. एकदा आजोबा वडूजचा बाजार करून रात्री गाडीनं येत होते, चांदणं पडलेलं, आभाळ स्वच्छ, आणि गावाबाहेरच्या ओढ्यापाशी हा बैल थांबला. चुचकारलं, शेपटी पिरगाळली, चाबूक ओढला, हूं नाही की चूं नाही, दुसऱ्या बैलाला पण पुढं जाऊ देईना. शेवटी आजोबा शिव्या घालत खाली उतरले, कंदील घेऊन पुढं गेले, तर ओढ्याला पाणी चढत होतं. वर डोंगरात पाऊस झालेला, इथं टिपूस नाही. रात्र तिथंच गाडीखाली काढली. ही गोष्ट आम्ही पोरं शंभरदा ऐकायचो आणि दर वेळी म्हणायचो, ढवळ्या लई हुशार ना, आजोबा? ते म्हणायचे, 'कसला हुशार! धा येळा अडायचा त्यातल्या आठ येळा उगंच. कवा कुत्र्याला भिऊन, कवा नुसता माज. पर कुठल्या दोन येळा खरं, ते बैल सांगत न्हाई बाबा. आपुन खाली उतरून बघायचं.'

मंगळवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन महिना लागेल म्हणून सांगितलं. ते खूश झाले नाहीत. हे मी शौर्य म्हणून सांगत नाहीये, एक दिवस उशीर झालाच होता आणि हात घामानं भिजले होते.

तर रविवारी रात्रीचं राहिलंच सांगायचं. आईचं ते नंदीबैलाचं वाक्य झाल्यावर भाचा थोडा वेळ गप्प होता, मग फोन तिथंच चटईवर टाकून कुठंतरी गेला. मी पाणी प्यायला उठलो तर हॉलच्या भिंतीवर नुसता खिळा. बेसिनसमोर स्टूल ठेवून तो आरशात बघत उभा होता, छातीशी आमचं भिंतीवरचं घड्याळ उलटं सुलटं धरून, मागची किल्ली फिरवत. आधी ८:४० लावलं, आरशात ३:२० दिसले. ८:२० लावलं, ३:४० दिसले. मग ७:४० लावलं आणि बराच वेळ आरशाकडं बघत राहिला, जीभ दातात धरून. मला आरशातनंच म्हणाला, 'मामा, हे चार वीसच ना? तू खोटं सांगू नको हां.' मी म्हटलं, तूच बघ की. त्यानं काटे बोटांनी मोजले, स्वतःशीच हुं केलं, घड्याळ परत खिळ्याला अडकवलं आणि झोपायला गेला.

टाइम नीट लावायचा मात्र विसरला. सकाळी जाग आली तर बाहेर लख्ख ऊन, आणि घड्याळात अजून पाच.